माउथवॉशच्या बाटलीची मागची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माउथवॉशच्या जाहिरातीत ‘९९ टक्के जंतूंचा नाश’ असतो आणि बाटलीवर पुढे पुदिन्याचे पान. आत औषध कोणते आणि किती टक्के, हे मागे मुंगीच्या अक्षरांत. तेही छापले असेल तर. हिरड्यांतून रक्त येते म्हणून बाटली आणणाऱ्याच्या कामाची ओळ नेमकी तीच. जंतू मरतात हे खोटे नाही, पण प्रयोगशाळेत सुटे जंतू मारणे सोपे. दातावरचे जंतू चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, दडलेले असतात. तो थर घासल्याशिवाय निघत नाही. गुळणीने फार तर नवा थर बसणे लांबते.

या कामात सर्वांत जोरकस क्लोरहेक्सिडिन. त्याचा रेणू धनभारित असल्याने तो दाताला, हिरडीला, गालाच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि पुढचे कितीतरी तास हळूहळू सुटत राहतो. डेन्मार्कमधील आर्हूस येथे १९६५ साली हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांचे दात घासणे बंद केले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. १९७० मध्ये त्याच धर्तीच्या प्रयोगात घासणे बंदच होते, पण ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा गुळण्या होत्या. प्लाक साचला नाही, हिरड्याही सुजल्या नाहीत.

महत्त्व आहे ते तोंडात गेलेल्या एकूण मात्रेला. ०.२ टक्क्याचे १० मिलिलिटर म्हणजे २० मिलिग्रॅम, ०.१२ टक्क्याचे १५ मिलिलिटर म्हणजे १८, फरक नगण्य. चव सोसत नसेल तर १० मिलिलिटरमध्ये तेवढेच पाणी घाला, चालते. बाटली पुरवायची म्हणून ५ मिलिलिटरवर भागवले की मात्रा निम्मी होते. लेबलवर ‘क्लोरहेक्सिडिन ग्लुकोनेट सोल्युशन १ टक्का’ दिसले तर पाचपट कडक आहे असे समजू नका. ते मूळ सोल्युशनच २० टक्क्यांचे असते, त्याचा एक टक्का म्हणजे तेच ०.२.

मग हे रोज का नको? दोन आठवड्यांतच दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग धरतात, आणि चहा-कॉफी जितकी जास्त तितके गडद. खारट चव कळेनाशी होते. किटणही वाढते. हे डाग दवाखान्यात पॉलिशने निघतात. घरी लिंबू-सोड्याने घासू नये, दाताचे इनॅमल जाते. शस्त्रक्रियेनंतर, जबडा तारांनी बांधलेला असताना किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे औषध फार उपयोगाचे. घासणे चांगले आणि सूज किरकोळ असेल तर मात्र लाभ अगदी थोडा. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, अशा लोकांचा प्लाक बराच घटलेला दिसतो, पण हिरड्यांच्या सुजेत ० ते ३ या मापावर फरक जेमतेम ०.२ चा, तो उपचाराच्या दृष्टीने नगण्य.

आणखी एक चूक सर्रास होते: ब्रश करून लगेच गुळणी. टूथपेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट ऋणभारित. ते क्लोरहेक्सिडिनला निष्प्रभ करते. मध्ये निदान अर्धा तास हवा, दोन तास असले तर उत्तम. रात्री जेवणानंतर लगेच ब्रश आणि झोपताना गुळणी, हे जमण्यासारखे आहे. सकाळची गुळणी चहा-नाश्ता उरकल्यावर. अर्धा ते एक मिनिट तोंडात फिरवून थुंका, वर पाण्याने चूळ भरू नका.

सिटिलपिरिडिनियम क्लोराइड (०.०५ ते ०.०७ टक्के) हाही धनभारित, पण तीन-पाच तासांत सुटून जातो. असर मध्यम, डाग कमी. टूथपेस्टचे पथ्य यालाही लागू.

तिसरा प्रकार तेलांचा: थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. ओव्याचे फूल, निलगिरी, पुदिन्याचे फूल आणि विंटरग्रीन ही घरोघरी वासाने ओळखीचीच. २० मिलिलिटर, अर्धा मिनिट, दिवसातून दोनदा. सहा महिने वापरल्यास हिरड्यांची सूज क्लोरहेक्सिडिनच्या जवळपास उतरते, प्लाकच्या बाबतीत मात्र हे मागे पडते. रोज वापरायचेच असेल तर आमची पसंती याला. जुन्या मिश्रणांत २० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असते. तोंड कोरडे पडणाऱ्यांनी, दारू सोडलेल्यांनी आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी बिनअल्कोहोलचे घ्यावे. मुलांनाही तेच. अमृतधारेचे थेंब पाण्यात टाकून हाच परिणाम साधेल, असे नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते आणि तोंड भाजते.

बाकीच्यांची कामे वेगळी आहेत. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड किडीसाठी, बेन्झिडामाइन दुखण्यासाठी. कोमट मिठाच्या पाण्याने बरे वाटते इतकेच.

रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश लावायचे टाळणे हा यातला सर्वांत वाईट उपाय; तिथेच प्लाक वाढतो. दोन आठवडे नीट घासून, दातांच्या फटी साफ करूनही रक्त येत राहिले, तर हिरडीखाली किटण आहे असे धरून चाला. गुळणीचे पाणी तिथवर पोचत नाही, स्केलिंगच, म्हणजे दवाखान्यात किटण खरवडून काढणेच, लागते. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांनी तर रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतला आजार बाहेर दिसत नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीत यापुढे माउथवॉशविषयी काही छापून येईल, तेव्हा उत्पादनाच्या नावाशेजारी घटक आणि त्याची टक्केवारी द्यावी, ही विनंती.

आपले,
हिरड्यांच्या विकारांवर उपचार करणारे दंतवैद्य, सातारा