बॅटरीचं काय केलंस?

पिट्सबर्ग, १९ मे

प्रिय दिल्या,

वर्ष झालं, तुला पत्र नाही. फोनवर 'कसा आहेस, बरा आहे' होतं, पण ते काय बोलणं! तब्येत ठीक, साखर थोडी वर. पोराच्या पदवीदानाला आलोय. काल इथे एक पुतळा पाहिला आणि रात्रभर तू डोक्यातून जाईनास.

रोबेर्तो क्लेमेंटे. नाव तुला ठाऊक नसणार, बेसबॉलला तू 'मोठ्यांचा विटीदांडू' म्हणतोस. नदीकाठी पीएनसी पार्क म्हणून मैदान आहे, समोरच्या पुलाला त्याचंच नाव, आणि पूल उतरलं की हा उभा. उभा कसला, पळतोय. चेंडू टोलवलाय, बॅट हातातून सुटायच्या बेतात. पायथ्याशी तो खेळला त्या तीन मैदानांची माती ठेवलीय. पोरगा कौतुकानं सांगत होता: पोर्टो रिकोचा माणूस, बरोबर ३००० हिट्स (म्हणजे यशस्वी टोले), शर्टाचा नंबर २१ म्हणून आतली उजवीकडची भिंतही २१ फूट. इथल्यांना रोबेर्तो म्हणवेना, कार्डांवर 'बॉब' छापायचे. (एनसीसीचा सुभेदार तुला 'डिलीप' म्हणायचा, तसं. तू तर 'येस सर' म्हणायचास, लाचार!)

तीन हजारावा हिट ३० सप्टेंबर १९७२ चा, म्हणाला. ३० सप्टेंबर. आपल्या किल्लारीच्या भूकंपाची तारीख. मी तिथेच थांबलो.

त्याच डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. यानं मदत पाठवली, तर तिथले सत्तेतले लोकच ती मधे लाटतायत असं कानावर आलं. म्हणून ३१ तारखेला हा स्वतः सामानाच्या विमानात बसला. विमान सान हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात पडलं. देह सापडलाच नाही. वय ३८.

दिल्या, १९९३ ला पाटीलकाकांच्या ट्रकच्या फळकुटावर चढून तू हेच म्हणाला होतास. ब्लँकेटं मधेच गायब होतील, आपण सोबत हवं. आणि मी काय म्हणालो? 'तुझ्यावाचून किल्लारी अडलंय का?' वर माझी तीन सेलची बॅटरी तुझ्या हातात कोंबली. मला सबमिशन होतं ना.

सबमिशन नव्हतं. प्रेतांची भीती वाटत होती. आदल्या दिवशी उमरग्याहून आलेल्या ड्रायव्हरचं बोलणं मी ऐकलं होतं, तू चहा आणायला गेला होतास तेव्हा. नऊ दिवसांनी तू आलास, चपलेत, केसांत पांढरी माती, मेसमध्ये बसून नुसता भात चिवडत होतास. आणि मी पहिलं काय विचारलं? बॅटरी कुठाय. पुढे वर्षभर त्यावरून तुझ्याशी भांडलो. सुधीच्या लग्नात तर चारचौघांत. तू एकदाही उलट बोलला नाहीस, हेच मला जास्त खुपतंय. शिवी तरी द्यायचीस.

पोरगा म्हणाला, बाबा, फोटो काढू, उभे राहा. मी नाही राहिलो त्या पुतळ्याशेजारी.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मनूच्या लग्नाची तारीख ठरली की आधी मला कळव, तिकिटं बघावी लागतील. जागेचं काय झालं तेही लिही.

आणि त्या बॅटरीचं खरंच काय झालं होतं? परत नकोय. कुणाला दिलीस, तेवढं सांग.

तुझा,
बाळ्या