विषय : गर्भातच बाळ गमावलेल्या पालकांच्या ऑनलाइन समुपदेशनातील हलगर्जीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आमचे पहिले बाळ एकविसाव्या आठवड्यात पोटातच गेले. माझी पत्नी अक्कलकोट रोडवरील टॉवेल कारखान्यात हिशेब पाहते. गर्भपातानंतर कायद्याने मिळणाऱ्या सहा आठवड्यांच्या पगारी रजेतच थोडे सावरता यावे, म्हणून आम्ही दोघांसाठी आपल्याकडील सहा सत्रे आगाऊ पैसे भरून घेतली होती.

आपल्या अर्जात ‘गरोदर’ आणि ‘प्रसूती झालेली’ असे दोनच पर्याय आहेत. मी फोन करून अडचण सांगितली, तेव्हा दुसरा पर्याय निवडा, समुपदेशकांना आम्ही कळवतो, असे उत्तर मिळाले. कोणीही कळवले नाही. पहिल्याच सत्रात समुपदेशक बाईंनी बाळ अंगावर नीट पिते का, असे विचारले. बाळ गेले तरी शरीराला ते कळत नाही. चौथ्या दिवशी तिला पान्हा फुटला होता आणि तो अजून पुरता आटलाही नव्हता. तिने उत्तर दिले नाही. मांडीवरच्या चादरीच्या दशा ती एकेक करून ओढत राहिली आणि बाळ नाही, हे शेवटी मला सांगावे लागले. त्या बाईंना मी दोष देत नाही, कारण त्यांच्यासमोर कागदच चुकीचा ठेवला गेला होता.

त्यानंतर मात्र दर वेळी नवीन समुपदेशक आले. सोनोग्राफीत काय दिसले, ठोके कधी थांबले, हे तिने तीन वेळा पहिल्यापासून सांगितले.

माझी सर्वांत मोठी तक्रार चौथ्या सत्राची आहे. हे सत्र फक्त आईसाठी आहे, असे सांगून मला उठवण्यात आले. बाळाला मातीत ठेवायला मी गेलो होतो. घरच्या मोठ्यांनी तिला येऊ दिले नव्हते. बाळ कसे दिसत होते, हे तिला मला विचारायचे होते आणि मला ते सांगायचे होते, पण घरात दोघांचाही धीर होत नव्हता. समोर कोणी तिसरे, जाणते माणूस असावे, एवढ्यासाठीच आम्ही आपल्याकडे आलो होतो. तो दिवस मी जिन्यात बसून काढला. बापालाही मूल गेल्याचे दुःख असते, हे आपल्या जाहिरातीत लिहिलेले आहे. सत्रात त्याला जागा नाही.

उरलेली दोन सत्रे आम्ही घेतली नाहीत. पुढे शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर दोघेही मराठीत बोललो आणि तेथे आमचे ऐकून घेतले गेले. एक सत्र झाले की पैसे परत मिळत नाहीत, हा आपला नियम मला मान्य नाही, कारण जी सेवा देऊ केली होती ती एकदाही मिळालेली नाही.

तरी संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करावी आणि नवमातांच्या यादीतून पत्नीचा क्रमांक काढावा. तिच्या फोनवर लसीकरणाच्या आठवणी अजून येत आहेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. अर्जात बाळ गमावलेल्यांसाठीचा तिसरा पर्याय मात्र माझ्या पैशांचा निकाल लागेपर्यंत न थांबता आजच जोडावा, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक
जुळे सोलापूर, सोलापूर