शाई बिटाची नको, हिरड्याची करा

मा. संपादक,
स. न.

सुट्ट्या जवळ आल्या की मोबाईलवर "घरच्या घरी नैसर्गिक शाई" असं काहीतरी फिरायला लागतं आणि दरवेळी तेच ते, बीट किसा, रस पिळा, झाली शाई! नाहीतर जास्वंदीच्या पाकळ्या उकळा, नाहीतर हळद कालवा. मी जुन्नर तालुक्यात आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता रिटायर आहे, आणि हे बघून दरवेळी जीव तुटतो म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय पण जमलं तर पूर्ण छापा.

बिटाच्या रसाने लिहिता येतं, नाही असं नाही, पहिल्या दिवशी तर काय सुंदर राणी कलर दिसतो. पण एका शाळेत मुलींनी त्याच रसाने मोठा तक्ता लिहिला होता, प्रदर्शन झाल्यावर तो वर्गातच खिडकीजवळ लावून ठेवला, आणि थोड्याच दिवसात ऊन लागून अक्षरं पिवळट पडत पडत वाचता येईनाशी झाली. एक पाहुणे आले होते ते मुलींच्या देखत म्हणाले, नैसर्गिक वस्तूंचं असंच असतं, टिकत नाहीत. मला ते फार लागलं. मुलींचे चेहरे एवढेसे झाले होते.

कारण आमच्या घरात पणजोबांच्या हिशेबाच्या मोडी वह्या आहेत. कडा झडल्यात, कसरीने भोकं पाडलीत, कागद तपकिरी झालाय, पण शाई आजही काळीकुळकुळीत आहे, ओलं बोट लावायची सोय नाही एवढंच. ती पण घरचीच होती की! तिळाच्या तेलाच्या दिव्यावर भांडं पालथं घालून धरलेलं काजळ आणि बाभळीचा डिंक, खलात घोट घोट घोटायचं, हात भरून येईपर्यंत. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, त्याला ऊन काही करू शकत नाही. समर्थांनी दासबोधात १९व्या दशकाचा पहिला समास अख्खा लेखनक्रियेवर लिहिलाय, त्यात कागद झडला तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून चहूबाजूंनी जागा सोडून मधे लिहा असं सांगितलंय. म्हणजे शाई उडून जाईल ही काळजीच नव्हती त्यांना, काळजी कागदाच्या कडांची होती.

पण काजळ धरणं आणि घोटणं मुलांकडून होत नाही, कंटाळतात. त्यांच्यासाठी हिरडा. तोच हिरडा, त्रिफळातला.

फळाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, जिभेवर ठेवलं की तोंड आवळतं ते त्याच्यामुळेच. हे टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं. केसांना लावायचा आवळा आपण लोखंडी कढईत रात्रभर का भिजवतो, सकाळी तो काळा का झालेला असतो, तीच ही गोष्ट, मुलांना आधी तिथूनच सांगायचं.

मी करते ती पद्धत अशी. ५० ग्रॅम हिरडा बिया काढून जाडसर कुटायचा, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी मंद गॅसवर निम्मं पाणी होईपर्यंत उकळायचा. स्टीलचंच भांडं घ्या, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं नको. फडक्यातून दोनदा गाळून घ्यायचं, चहासारखा रंग येतो. मग १० ग्रॅम हिराकस थोड्या कोमट पाण्यात विरघळवून (म्हणजे फेरस सल्फेट, आपल्याला हवं ते लोखंड यातूनच येतं; काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, फिकट हिरवे खडे असतात) ते पाणी हळूहळू काढ्यात ओतायचं. हा क्षण मी पोरांना अगदी जवळून बघायला लावायचे. पहिली धार पडली की चहात ढग आल्यासारखं होतं, जांभळट, राखाडी, आणि चमचा फिरवेपर्यंत सगळं भांडं काळं! पोरं ओरडायचीच. शेवटी १० ग्रॅम बाभळीचा डिंक भिजवून घालायचा, म्हणजे शाई कागदावर पसरत नाही, आणि बाटलीत दोन-तीन लवंगा टाकायच्या म्हणजे बुरशी लवकर धरत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे, ताज्या शाईने लिहिलं की अक्षर जरा फिकट, करडं दिसतं, मुलं म्हणतात बाई बिघडली, तर म्हणायचं उद्या बघा. हवा लागून रात्रीतून ते कागदाच्या आतच काळं होतं, मग पाण्याने पुसलं तरी जात नाही. बिटाचा रंग उन्हात उडत जातो, हिच्यात काळा रंग लिहिल्यानंतर तयार होत राहतो. एवढं एक जरी मुलांच्या लक्षात आलं तरी वर्षभराचं विज्ञान वसूल आहे असं माझं मत.

काळजी मात्र घ्या. हिराकस मोठ्यांनीच हाताळायचा, पोटात जाता कामा नये. प्रमाणापेक्षा जास्तही टाकू नका, शाई आम्लधर्मी होते आणि वर्षानुवर्षांनी कागद खाते, म्हणून जपून ठेवायचं लिखाण असेल तर काजळाचीच शाई बरी. कपड्यावर पडली तर डाग जाणार नाही. आणि फाउंटन पेनात अजिबात भरू नका. मी वडिलांच्या पेनात भरली होती, चार दिवसात आतून चोंदलं, ते पेन परत कधी चाललं नाही, अजून हळहळ वाटते. बोरू घ्या, नाहीतर दौतीत बुडवून लिहायचा टाक घ्या. आणखी एक, परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचे म्हणून कोणी मुलांना बिब्ब्याची शाई करायला सांगत असेल तर कृपा करून नको, बिब्बा उततो, कातडीवर फोड येतात.

हिरड्यासाठी मी एवढी का भांडतेय तर तो आमच्या दाराशी आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, गोळा करतात, अंगणात वाळत घालतात, त्यावर त्यांचं वर्षाचं मीठ-मिरची चालतं. २०२० च्या निसर्ग वादळात त्यातली कितीतरी झाडं आडवी झाली. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्याच घरांतली, हिरडा वेचायला आईबरोबर जाणारी, पण चामडं कमवायला आणि कापड रंगवायला तो कुठे कुठे जातो, त्याची शाई होते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. शाई केल्यावर एक मुलगा घरून ओंजळभर बाळहिरडा घेऊन आला आणि म्हणाला बाई, हा आमच्या झाडाचा.

तेव्हा विनंती एवढीच की मुलांच्या पुरवणीत शाईची कृती द्याल तेव्हा हिरड्याची द्या. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी जुन्या बाडात शाईची कृती लिहिलेली असेल तर तुमच्याकडे पाठवावी, तुम्ही छापावी. मला विशेष करून अळित्याची, म्हणजे लाखेच्या रंगाची, लाल शाई हवी आहे. लाख आणून मी दोनदा करून बघितली, दोन्ही वेळा खाली गाळ बसला आणि वर गुलाबी पाणी राहिलं.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. जुन्नर