बोगद्यातल्या फवाऱ्यांना पाणी किती, ते पण विचारा की

मा. संपादक,

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या मिसिंग लिंकच्या जवळपास ९ किलोमीटरच्या बोगद्याचं कौतुक सगळीकडं वाचतोय, चांगलंच आहे, पण आग लागली तर काय हे कुणी नीट विचारत नाही. आपल्या सोलापूरच्या एमआयडीसीतनं टॉवेल-चादरी भरून मुंबईला निघालेल्या गाड्या घाटात बोगद्यातनंच जातात ओ. आणि टॉवेलला काय होतंय असं म्हणू नका, १९९९ ला फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात ३९ माणसं गेली ती मार्गारिन आणि पीठ भरलेल्या ट्रकमुळं, पेट्रोलचा टँकर नव्हता तो. नॉर्वेत २००३ ला बंद बोगद्यात साधा ट्रकचा माल पेटवून बघितला तर आगीची उष्णता २०० मेगावॅटच्या आसपास गेली.

जपान, ऑस्ट्रेलियात यासाठी छताला पाण्याचे फवारे असतात. मॉलमधल्या स्प्रिंकलरसारखी काचेची गोळी फुटून पाणी सुरू, असं इथं नसतं, कारण गरम धूर वाऱ्यानं पुढं जातो आणि भलतीकडंच पाणी पडतं. इथं नोझल उघडेच, कंट्रोल रूममधनं त्या भागाचा व्हॉल्व्ह सोडायचा. ताडपत्रीखालची आग त्यानं विझतेच असं नाही, पण मागची गाडी पेटत नाही आणि फायर ब्रिगेडला जवळ जाता येतं. मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २००७ ला अपघातात ३ जण गेले, पण फवारे लगेच सुरू झाले म्हणून आग पसरली नाही, बोगदा काही दिवसांत परत चालू.

आता पाण्याचं. चौरस मीटरला मिनिटाला १० लिटर, ३० मीटरचे दोन झोन (एका व्हॉल्व्हवरचा भाग म्हणजे एक झोन), रुंदी १० मीटर धरा, मिनिटाला ६ हजार लिटर झाले! म्हणजे आपल्याकडं येतो तो दहा-बारा हजारचा टँकर दोन मिनिटात खलास. तासाला साडेतीन लाखाच्या वर. जपानच्या निहोनझाका बोगद्यात १९७९ ला फवारे होते, चालले पण, टाकी संपली आणि १७३ गाड्या जळाल्या, ७ माणसं गेली. नळाला किती दिवसाआड पाणी येतंय ते मोजणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको.

तर तुमच्या बातमीदारानं राज्यातल्या प्रत्येक मोठ्या बोगद्याबद्दल एवढंच विचारावं, फवारे आहेत का, टाकी किती लिटरची, आणि रात्री तीनला व्हॉल्व्ह सोडायचा अधिकार ड्युटीवरच्या ऑपरेटरला आहे का त्यानं आधी साहेबाला फोन लावायचा? उत्तर येईल ते छापा, नाही आलं तर तेपण छापा.

एक वाचक, सोलापूर