अरुणला पत्र: हिवाळा कुठे काढायचा

युमा, ॲरिझोना
२१ जानेवारी

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा लांबलचक ऑडिओ दोनदा ऐकला. मागून शैलावहिनी ‘फ्लोरिडा, फ्लोरिडा’ म्हणत होत्या, तेही ऐकलं. एकदाची आरव्ही, म्हणजे ते चाकांवरचं घर, घ्यायचं ठरवलंत आणि पुढचा हिवाळा मिशिगनमध्ये बर्फ उपसत काढायचा नाही हेही ठरवलंत, बरं केलंत. आता कुठे जायचं एवढंच उरलं. फोनवर बोलायला लागलं की तू पाचव्या मिनिटाला सांगलीच्या होस्टेलवर जातोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय.

तू तक्ता करून पाठवलास, गावाचं नाव आणि पुढे जानेवारीचं तापमान. इंजिनियर तो इंजिनियरच! पण लेका, तू सगळे दुपारचे आकडे घेतलेस. आरव्हीत राहणाऱ्याला दुपार कधी छळत नाही, पहाट छळते. भिंती दोन-अडीच इंच जाडीच्या, पाण्याचा होज उघड्यावर, आणि पोटाखाली टाक्या. वाळवंटात सूर्य मावळला की ऊब त्याच्या मागोमाग जाते, दुपारी सत्तर अंश फॅरनहाइट असले तरी पहाटे चाळिशीत उठायचं. म्हणून त्या तक्त्यात आणखी दोन रकाने घाल: पहाटेचं तापमान आणि गावाची उंची.

उंचीचा हिशोब सोपा आहे. हजार फूट वर गेलं की साडेतीन-चार अंश फॅरनहाइट कमी धर. युमा समुद्रसपाटीपासून जेमतेम १४० फूट, फिनिक्स ११००, टूसॉन २४००, सिएरा व्हिस्टा ४६००, आणि फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७०००, जिथे तुमच्यासारखाच धो धो बर्फ पडतो. ही सगळी गावं ॲरिझोनातलीच. लोक ‘ॲरिझोना म्हणजे ऊन’ एवढ्यावर बुकिंग करून मोकळे होतात. टूसॉनच्या पुढे एका पार्कात आमच्या शेजारी ओहायोचे एक आजोबा होते. सकाळी बघतो तर पायात सपाता, अंगात जाड कोट, आणि बायकोचा हेअर ड्रायर घेऊन नळापासून गाडीपर्यंतच्या होजवर गरम हवा मारत उभे. होज काठीसारखा ताठ झालेला. आत आजी कॉफीची वाट बघत बसलेल्या. त्यांना माहीत असतं तर त्यांनी रात्री टाकी भरून होज काढून ठेवला असता, किंवा आणखी दोन हजार फूट खाली उतरले असते.

फ्लोरिडाचं म्हणशील तर हवेच्या बाबतीत वहिनींचंच बरोबर आहे. मायामीच्या आसपास जानेवारीतही पहाट साठ अंशांची असते, तशी या देशाच्या मुख्य भूमीवर दुसरीकडे नाही. पण ते सगळ्यांनाच माहीत आहे ना! स्टेट पार्कचं बुकिंग फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी उघडतं आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांना १०. तो एक महिना मधे गेला की किनाऱ्यालगतच्या चांगल्या जागा संपलेल्या असतात. खाजगी रिसॉर्टमध्ये जागा मिळते, पण भाव ऐकून तू नोव्हीतल्या घराचा हप्ता आठवशील. आणि स्वस्त पडतं म्हणून वर पॅनहँडलमध्ये, म्हणजे फ्लोरिडाच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात राहिलात, तर तिथे जानेवारीत स्वेटर लागतोच. पहिल्या वर्षी फ्लोरिडा नको.

क्वार्टझसाइटचं तू विचारलंस, कारण यूट्यूबवर सगळे तेच दाखवतात. बघायला जरूर जा, राहायला नको. ॲरिझोनातलंच सरकारी वाळवंट आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हंगाम. कित्येक वर्षं अख्ख्या हंगामाचा परवाना १८० डॉलरला मिळत होता, म्हणून हजारो गाड्या तिथे येऊन पडतात. पण जागेवर वीज नाही, नळ नाही. सोलर पॅनेल, बॅटऱ्या, पाणी वाहून आणणं आणि टाक्या रिकाम्या करायला रांगेत उभं राहणं हा ज्याचा छंद आहे त्याने तिथे राहावं. तिथल्या दफनभूमीत मात्र पाच मिनिटं थांब. एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. अमेरिकन सैन्याने १८५६ साली वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती कबर. इथल्या लोकांना नाव जमेना म्हणून त्याचं ‘हाय जॉली’ केलं. माझ्या आडनावाची इथे चाळीस वर्षं जी गत झाली ती तुला माहीतच आहे, त्यामुळे मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

आता युमा. मी इथे का येतो, तर ऊन. जगातल्या सर्वाधिक सूर्यप्रकाशाच्या गावांत याचं नाव घेतात, वर्षाला चार हजारांच्या आसपास तास. जानेवारीत दुपारी सत्तर, पहाटे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. पाऊस नावापुरता. गाव मात्र दिसायला काही नाही, ते आधीच सांगतो. पण सकाळी सहाला शेतांच्या कडेने चालायला गेलं की मजा असते. हिवाळ्यात अमेरिकेत जो लेट्युस खातात त्यातला बहुतेक इथला. अंधारातच पांढऱ्या बसेस येऊन उभ्या राहतात, प्रत्येकीच्या मागे फिरते संडास जोडलेले. कामगार बरेचसे सीमेपलीकडून रोज येणारे. वाकून गड्डा कापायचा, बाहेरची पानं झटकायची, तिथेच पिशवीत घालून खोक्यात टाकायचा, हे इतक्या वेगाने चालतं की बघणाऱ्याची कंबर दुखायला लागते. आमच्या हिने, नंदाने एकदा त्यांना हात जोडून नमस्कार केला, तर दुसऱ्या दिवशी बांधावर दोन गड्डे काढून ठेवलेले!

दातांसाठी लोस अल्गोदोनेस. गाडी अलीकडे लावायची आणि चालत मेक्सिकोत जायचं. त्या एवढ्याशा गावात दवाखाने किती आणि दाराशी उभे राहून बोलावणारे किती! काम अमेरिकेच्या मानाने पुष्कळ स्वस्तात होतं. हिवाळ्यात परतीची रांग मात्र उन्हात तासभर असते, टोपी आणि पासपोर्ट दोन्ही लागतात.

युमाच्या तक्रारीही ऐक. मरीन सैन्याचा विमानतळ आहे, लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की बोलणं थांबवावं लागतं. शेतात खत टाकलं की दोन दिवस खिडक्या बंद. तूरडाळ, गोडा मसाल्याचं सामान, कढीपत्ता यासाठी फिनिक्स, म्हणजे १८५ मैल. आणि हवा कोरडीठक्क. नंदाला मानवते, पण वहिनींचा सायनस आणि नाकातून रक्त येण्याचा त्रास मला आठवतो. त्यांना इथे ह्युमिडिफायर लावून बसावं लागेल.

म्हणून मी पक्का युमावाला असूनही तुला सांगतो, तू टेक्सासला जा. अगदी दक्षिणेला, रिओ ग्रांदे व्हॅलीत. मिशन, मॅकॅलन, वेस्लाको या पट्ट्यात. तुझ्या तक्त्यात हे नावच नाही.

एक तर सई. पाच वर्षांची नात ऑस्टिनला, आणि तू हिवाळाभर ॲरिझोनात? मिशनहून ऑस्टिन पाच तासांवर. शनिवार-रविवार जोडून लेक-जावई येऊ शकतात. दुसरं, मिशिगनहून युमापेक्षा ते चारेकशे मैलांनी जवळ, आणि वाटेत घाट नाही. मेम्फिस, लिटल रॉक, मग टेक्सास. इथे यायचं तर न्यू मेक्सिकोत साडेचार हजार फूट चढायचं, शिवाय लॉर्ड्सबर्गजवळ धुळीची वादळं उठतात, समोरचं काही दिसत नाही. पहिल्याच वर्षी ३५ फुटी गाडी घेऊन ते नको.

तिसरं कारण तुझा तो तोफेसारखा कॅमेरा. (किती खर्च केलास ते वहिनींना अजून सांगितलेलं नाहीस ना?) व्हॅलीत असे पक्षी दिसतात की ते बघायला उरलेल्या अमेरिकेतून लोक विमानाने येतात. हिरवा-निळा ग्रीन जे, पिवळ्या पोटाचा किस्कडी, केशरी ऑल्टामिरा ओरिओल. कोंबडीएवढी चाचालाका पहाटे थव्याने अशी कोकलते की गजराची गरज नाही. मिशनचं बेंटसन पार्क, सांता ॲना अभयारण्य आणि वेस्लाकोचं एस्तेरो यानो ग्रांदे, तिन्ही तासाभराच्या आत. एस्तेरोचा एक भाग पूर्वी आरव्ही पार्कच होता. लोकांनी लावलेली झाडं तशीच राहिली आणि पक्ष्यांनी ती ताब्यात घेतली.

हवा म्हणशील तर दुपारी सत्तर, पहाटे पन्नास, आणि दमट. वहिनींच्या नाकाला बरी. वारा फार, ते मात्र खरं. उत्तरेकडून थंडीची लाट आली की दुपारी ऐंशी असलेला पारा रात्री चाळिशीवर येतो, पण दोन-तीन दिवसांत सावरतो. फेब्रुवारी २०२१ हा अपवाद. तेव्हा व्हॅलीतही पाणी गोठलं, दिवे गेले आणि ग्रेपफ्रूटच्या बागांचं फार नुकसान झालं. तशी तयारी कुठेही असावी, प्रोपेन कायम भरलेला ठेव. समुद्राची हौस साउथ पाद्रे बेटावर फेडता येते, मॅकॅलनहून दीड तास. फक्त मार्चच्या मध्यात जाऊ नका, कॉलेजची पोरं बेट डोक्यावर घेतात.

तिथल्या पार्कांत आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिनची शेतकरी मंडळी. स्थानिक लोक त्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात आणि खरंच जिव्हाळ्याने वागवतात. सकाळी लाकूडकाम, दुपारी पत्ते, रात्री गिटार. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, शाकाहारी म्हणून जे काही असतं त्यात गुलाबी जेली आणि मार्शमेलो, म्हणजे जिलेटिनच. आम्ही एका फेब्रुवारीत तिथे होतो तेव्हा नंदाने कंटाळून साबुदाण्याची खिचडी नेली. पातेलं आधी रिकामं झालं, आणि एका आयोवाच्या बाईने तिला विचारलं, ‘हे मोती कुठल्या शेतात पिकतात?’ वहिनींना सांग, शेंगदाण्याचं कूट भरपूर न्या.

काही गोष्टी आधीच करून टाक. व्हॅलीतून उत्तरेकडे निघालं की फाल्फुरियसला सीमा पोलिसांचं (बॉर्डर पॅट्रोल) नाकं लागतं, प्रत्येक गाडी थांबवतात. युमाजवळही तसंच नाकं आहे. आपला रंग बघून कधी दोन प्रश्न जास्त विचारतात, पासपोर्ट हाताशी ठेवावा. सीमेपलीकडे मेक्सिकोत नुएव्हो प्रोग्रेसो आहे, तिथेही दातांचे डॉक्टर. पण ते तामाउलिपास राज्यात येतं, आणि तिथे जाऊच नका असा अमेरिकन सरकारचा इशारा असतो. बरेच म्हातारे तरी जातात. मी जाणार नाही, तूही जाऊ नकोस. तुझं मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) मूळचं असेल तर बहुतेक ठिकाणी चालेल. वहिनींचं खाजगी कंपनीच्या ॲडव्हान्टेज प्लॅनचं आहे ना? मग नेटवर्कबाहेर तातडीची सेवा सोडून काय मिळतं ते ऑक्टोबरात प्लॅन बदलायची खिडकी उघडते तेव्हाच विचारून घे. आणि जुनी गाडी घेत असशील तर दहा वर्षांच्या आतली बघ, चांगले पार्क त्यापलीकडच्या गाडीला आत घेताना कुरकुर करतात.

जागा महिन्याच्या दराने घे, रोजच्या दरापेक्षा खूप कमी पडते, वीज मीटरप्रमाणे वेगळी. पण सहा महिन्यांचं बुकिंग करू नकोस. डिसेंबर संपता संपता जा, जानेवारी एका पार्कात काढ, तिथे करमलं तर पुढचे महिने तिथेच मागून घे. आणि निघताना पाइप गोठू नयेत म्हणून त्यांत घातलेलं गुलाबी अँटिफ्रीझ तसंच राहू दे. टेक्सासात शिरेपर्यंत प्यायचं पाणी कॅनमधून आणि संडासाला रेस्ट एरिया. घाईने टाकी भरलीस तर इलिनॉयमध्येच पाइप फुटेल.

वहिनींना हे पत्र वाचायला दे, कॅमेऱ्याचं वाक्य झाकून. नंदा म्हणते, तुम्ही व्हॅलीत गेलात तर फेब्रुवारीत आम्ही इथून निघून पंधरा दिवस तुमच्या शेजारी गाडी लावू. पार्कचं नाव नक्की झालं की लगेच कळव, शेजारशेजारच्या दोन जागा एप्रिल-मेमध्येच मागाव्या लागतात.

सईला गोड पापा.

तुझा,
दिलीप

ता. क. ५० ॲम्पची गाडी घेत असशील तर ३० ॲम्पचा ॲडॅप्टर बरोबर ठेव. जुन्या पार्कांत बऱ्याच जागांवर तेवढंच असतं, मग एसी आणि मायक्रोवेव्ह एका वेळी लावायचे नाहीत, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव.