शिळावर्तुळे मुरुमाच्या खाणीत जाऊ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या आसपास नवे लेआउट पडतात, मुरुमाचे परवाने निघतात, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमी कुणाच्या ध्यानीमनी नसताना नाहीशा होतात. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळे, म्हणजे दफनाभोवती मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली वर्तुळे, आहेत. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने 1879 मध्येच त्यांवर लिहिले होते. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे उत्खनने झाली. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले, नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. विदर्भातल्या लोहयुगाबद्दल जे काही आपल्याला कळले आहे, ते बरेचसे या वर्तुळांमुळेच.

जुनापाणीला केंद्राचे संरक्षण आहे. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण ज्यांची नोंदच नाही, अशी वर्तुळे शेतात, झुडपी जंगलात, गायरानात आहेत. त्यांना हा कायदा लागू होत नाही. खरे नुकसान तिथेच होते.

वर्तुळ ओळखायला अवघड नाही. बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाचे मोठे धोंडे गोलाकार मांडलेले असतात आणि आतली जमीन भोवतालापेक्षा जराशी फुगीर असते. त्यात माती आणि बारीक दगडगोट्यांची भर असते. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले असतात. पावसापाण्याने पडलेले खळगे वेडेवाकडे, कसेही विखुरलेले असतात. कोरलेले मात्र गोल, साधारण एका मापाचे आणि बरेचदा ओळीत असतात. ते पाहायचे तर सकाळी किंवा संध्याकाळी, तिरपे ऊन असताना. भर दुपारी शेजारी उभे राहूनही दिसत नाहीत. पावसाळ्यात आणि नंतरही काही दिवस गवत माजलेले असते, त्यामुळे शोध घ्यायचा तो हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात.

नोंद करताना धोंडा हलवू नये. काटकोनातले दोन व्यास टेपने मोजावेत. उत्तरेकडून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने धोंड्यांना कागदावर क्रमांक द्यावेत, दगडावर नव्हे. खळगे उठून दिसावेत म्हणून खडू किंवा ऑइलपेंट मुळीच लावू नये. रंग दगडात मुरतो आणि निघता निघत नाही. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपावेत, पट्टी ठेवून फोटो काढावेत आणि सगळे पुरातत्त्व खात्याकडे लेखी द्यावे. पोहोच घ्यायला विसरू नये.

हे इतके काटेकोरपणे सांगण्याचे कारण असे, की जमिनीवर दिसणारी खूण म्हणजे हे धोंडेच. नांगराला अडतात म्हणून ते धुऱ्यावर ढकलले की खाली दफन आहे हे कुणालाच कळत नाही. गुप्तधनाच्या हव्यासाने मधोमध खड्डा खणणारे तर त्याहून मोठा घात करतात. आत बहुधा काळी-तांबडी मडकी, गंजलेली लोखंडी हत्यारे, मणी आणि ठिसूळ हाडे असतात. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरूनच काळ आणि दफनाची रीत ठरते. थर एकदा कालवले की उरते ते खापरांचे ढिगारे. वाहून नेलेले धोंडे पुन्हा गोल मांडून काहीही परत येत नाही.

म्हणून प्रशासनाला दोन विनंत्या. मुरुमाचा परवाना किंवा अकृषक मंजुरी देण्याआधी त्या जागेची पायी पाहणी सक्तीची करावी आणि धोंड्यांची गोल रचना दिसली, तर पुरातत्त्व खात्याचे लेखी मत येईपर्यंत जेसीबी लावू देऊ नये. दुसरे, आढळलेल्या प्रत्येक वर्तुळाची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी. आज शेतकऱ्याने वर्तुळ जपले तरी जमीन विकली गेली की घेणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. कागदावर असेल तर निदान व्यवहाराआधी ते त्याच्या नजरेस पडेल. हे काम तलाठी स्तरावर येत्या उन्हाळ्यात, गवत वाळलेले असतानाच व्हायला हवे.

– एक वाचक, नागपूर