भंगार वाहन हटवण्याच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,

विषय : पार्किंगमधील माझ्या जुन्या जीपबद्दलची नोटीस मागे घेण्याबाबत

महोदय,

'आपल्या जागेतील भंगार वाहन 15 दिवसांत हटवावे' ही आपली नोटीस मिळाली. हटवण्यात अडचण एवढीच आहे की जीपला सध्या चाकं नाहीत. ती चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उभी आहे आणि चाकं माझ्या गॅलरीत आहेत. त्याबद्दल घरातूनही एक तोंडी नोटीस मिळालेली आहे.

आधी माझ्या चुका कबूल करतो. शेजारच्या जागेतला तेलाचा डाग माझ्याच गाडीचा. या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना एक बंद गोळा असतो. इंजिनाची ताकद वळत्या चाकापर्यंत नेणारा सांधा त्याच्या आत, ग्रीसमध्ये बुडालेला असतो. गोळ्याच्या तोंडाशी नमद्याचं सील असतं. गाडी वर्षानुवर्षं जागची हलली नाही की ते वाळून कडक होतं आणि आतलं वंगण वाट काढतं. मी खाली पत्र्याचा ट्रे ठेवला होता, पण तेल ओघळलं ते ट्रेच्या कडेबाहेर आणि फरशीच्या उतारानं थेट शेजाऱ्यांच्या हद्दीत गेलं. लाकडाचा भुसा टाकून उचलता येईल तेवढं उचललं. जे मुरलंय ते काढून घेण्याचा खर्च माझा. दुसरी चूक म्हणजे रविवारी दुपारी चालवलेला ग्राइंडर. त्याचं समर्थन मी करत नाही. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी 'दोनच मिनिटं' म्हणून सुरू केला.

आता त्या ठकठकीबद्दल, कारण सर्वाधिक तक्रारी तिच्याच आहेत. आडरानात फिरलेल्या गाडीच्या चासीत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात, चिखल जाऊन बसतो, तो ओल धरतो आणि लोखंड आतून कुजतं. वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून छोट्या हातोडीनं वीतभर अंतरावर ठोकत जावं लागतं. चांगला पत्रा टणटण वाजतो, खाल्लेला पत्रा भद्द बोलतो. मागच्या डाव्या पाट्याच्या (चाकाच्या स्प्रिंगच्या) टेकणाजवळ असाच भद्द आवाज आला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला आणि आतून मूठभर वाळलेली माती पडली. गाडी तशीच रस्त्यावर आणली असती तर तो पाटा कधीतरी चासीतून निसटला असता. ठोकाठोकी संपली आहे, पुन्हा होणार नाही.

'इतके महिने काय करतोस?' असं सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं होतं, तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर बरेच दिवस मी वाट पाहतो. गंजलेल्या बोल्टला तेल सोडायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडायचं, पाना लावून आधी किंचित आवळायचा आणि मग सैल करायचा. एका बोल्टनं आठ दिवस घेतले. घाई केली की डोकं तुटतं, बोल्टचं. मग तो ड्रिलनं पोखरून काढावा लागतो, आणि आवाज होतो. म्हणजे मी जितका सावकाश काम करेन तितकी सोसायटीला शांतता, हेही विचारात घ्यावं.

'भंगार' या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. माझ्या जीपचं हे सीजे-थ्री-बी मॉडेल विलीज या अमेरिकन कंपनीनं 1953 साली आणलं. इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर असलेलं नवं, उंच इंजिन आधीच्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेटच उंच केलं. बिल्डिंगमधली मुलं तिला 'फुगलेल्या नाकाची' म्हणतात, ते यामुळे. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग साध्या पान्यांनी सुटतो आणि दुरुस्त होऊन परत बसतो. ज्या गाडीचं असं होतं तिला भंगार कसं म्हणायचं?

आगीची भीती मात्र रास्त आहे. या जीपची टाकी चालकाच्या सीटखाली असते. ती मी काढून वेल्डिंगवाल्याकडे दिली आहे, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ साठलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते, म्हणून सुटे भाग धुवायला पेट्रोल वापरत नाही. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर वापरतो आणि मळकं पाणी डब्यात भरून ठेवतो, गटारात सोडत नाही. बॅटरी घरात आहे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेनं उडवली नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बंद केलं. रंगाची फवारणी इथे होणार नाही, ती वर्कशॉपमध्येच. आणि इंजिन जेव्हा केव्हा सुरू होईल तेव्हा गाडी आधी ढकलून उघड्यावर नेईन. बंदिस्त पार्किंगमध्ये त्याचा धूर जीवघेणा ठरू शकतो.

माझी विनंती अशी की नोटीस मागे घेऊन मला सहा महिने द्यावेत. आवाजाचं काम फक्त शनिवारी सकाळी 10 ते 12, एरवी हातातले पाने आणि तोंडातली कुरकुर एवढंच. सहा महिन्यांत ती स्वतःच्या चाकांवर उभी राहिली नाही तर टेम्पोत घालून मीच घेऊन जाईन.

आणखी एक. पुढच्या रविवारी सकाळी बॉडी चासीवरून उचलायची आहे. बोल्ट सगळे सुटलेत, पण त्याला सहा माणसं लागतात आणि माझ्याकडे चारच आहेत. कार्यकारिणीतले दोघे आले तर चासीची पाहणीही होईल. कपडे मात्र टाकाऊच घालून यावेत.

आपला विश्वासू,
बी विंग, दुसरा मजला